नंदवाळची वाट आणि दंडावरचा सेन्सर

आषाढी एकादशीला आम्ही कोल्हापूरकर नंदवाळला चालत जातो. आमचं प्रतिपंढरपूर ते. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होतं, मग नंदवाळ. अंतर दहा-बारा किलोमीटरच. पण मला टाईप वन डायबेटिस, दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं, त्यात उपवास. चार वर्षांपूर्वी याच वाटेवर साखर इतकी उतरली, की मला धड बोलताही येईना. घामानं चिंब झाले होते आणि बायका म्हणत होत्या, उपवास बाधला. त्यानंतर आईनं माझी वारीच बंद केली.

यंदा दंडावर साखर सतत मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर लावून गेले. पहिल्या चोवीस तासांत आकडे भरवशाचे नसतात, म्हणून दोन दिवस आधीच लावला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती, खाली केसाएवढी तार कातडीत. पावसानं निघू नये म्हणून वर चिकटपट्टी. चालणार म्हणून सकाळचं इन्सुलिन किती कमी करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारलं होतं.

निघताना साखर १६४. पुईखडीचा चढ लागला तेव्हा ११२, आणि आकड्याशेजारचा बाण सरळ खाली. नुसता ११२ आकडा दिसला असता तर मी खुशाल चालत राहिले असते. पण उभा बाण म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त अंकांनी घसरण. म्हणजे वीसेक मिनिटांत सत्तरीच्या आसपास, धोक्याच्या रेषेवर. टाळ-मृदंगात अलार्म कुठला ऐकू येणार, फोन कमरेला थरथरला म्हणून कळलं. कडेला बसले, ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून प्यायले.

खरी परीक्षा त्यानंतरची. फोनवर ९४, ८३, ७६. पोटात साखर गेली तरी आकडा उतरतोच आहे! हा सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळं पाच-दहा मिनिटं मागं असतो. हे ठाऊक असूनही हात पुन्हा पुडीकडं गेला. बोटाला सुई टोचून बघितलं तर रक्तात ९८. पुडी परत पिशवीत ठेवली. पूर्वी अशा वेळी घाबरून चार लाडू खायचे आणि रात्रभर तीनशेच्या वर असायचे.

शेजारी एक मावशी येऊन टेकल्या. दंडाकडं बघून म्हणाल्या, "हे बटन कसलं गं?"

सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "साखरेच्या गोळ्या मीबी खातो की. मागल्या साली हितंच डोळ्यापुढं अंधारी आली हुती. पोरगं म्हणालं, वय झालं तुझं."

सेन्सर दर चौदा दिवसांनी बदलायचा, त्याला हजारो रुपये पडतात. मलाही प्रत्येक महिन्याला जमत नाही. त्यांना तो घ्या असं कुठल्या तोंडानं सांगू? पण काही गोळ्यांनीही उपाशीपोटी चालताना साखर उतरते, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. म्हटलं, "मावशी, हातपाय थरथरले, घाम फुटला तर उपवास बघू नका. तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटं बसायचं. आणि डॉक्टरांना अंधारीचं नक्की सांगा."

"इठ्ठल रागवायचा न्हाई न्हवं?"

"नाही हो."

माझी उरलेली पुडी त्यांनी घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल, रिंगण सुरू हुईल."