सर्च बॉक्सला एवढी वर्षं कशाला?

वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांमधल्या कोडच्या छोट्या उदाहरणांचा मी ऑनलाइन संग्रह करते आहे, हे कळलं की बहुतेक जण एकच विचारतात: "उदाहरणं तर सगळीकडे पडलेली आहेत. ती गोळा करायची आणि वर एक सर्च बॉक्स लावायचा. त्याला एवढी वर्षं कशाला हवीत?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

गोळा करायला खरंच फार दिवस लागले नाहीत. दिवस खाल्ले त्या सर्च बॉक्सने.

मजकूर शोधणारी इंजिनं मुळात माणसांच्या भाषेसाठी बनलेली. इंग्रजीतले फॉर, इफ, नॉट हे शब्द त्यातली बरीचशी किरकोळ समजून गाळतात आणि विरामचिन्हं पुसून टाकतात. कोडचा जीव नेमका त्यातच असतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत चिन्हं पुसली गेल्यावर सी, सी++ आणि सी# या तिन्ही भाषांची एकच भाषा होऊन बसली होती.

वाट सापडली ती जुन्या कामात. गूगलने २००६ मध्ये कोड सर्च ही नेटवरचा कोड शोधून देणारी सेवा सुरू केली आणि २०१२ च्या सुरुवातीला ती बंद केली. ती आतून कशी चालायची, हे ती बनवणाऱ्या रस कॉक्स यांनी त्याच सुमारास सविस्तर लिहून ठेवलं. शब्दांच्या मागे लागायचंच नाही. मजकुराचे सलग तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा कुठे येतो याची सूची ठेवायची. कंस, टिंब, बाण, सगळ्यांना अक्षराचाच मान. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये २०२० पासून ही सोय आयती मिळते. फक्त -> किंवा += अशी दोनच अक्षरांची चिन्हं तीनच्या तुकड्यात मावत नाहीत, त्यामुळे त्यांची वेगळी यादी मला हाताने करावी लागली.

चिन्हं सापडू लागली, तरी लोक रिकाम्या हाताने परत जात होते. कारण जे हवं आहे त्याचं त्या भाषेतलं नावच शोधणाऱ्याला माहीत नसतं. नाव दिलं की त्याची किंमत परत देणारी रचना घ्या: पायथॉनमध्ये तिला डिक्ट म्हणतात, रुबीत हॅश, लुआत टेबल, जावात हॅशमॅप, आणि पीएचपीत ती साध्या अ‍ॅरेतच राहते. एका भाषेतून दुसरीकडे आलेला माणूस जुनंच नाव घेऊन दार ठोठावणार. रोझेटा कोड हा उदाहरणांचाच जुना ऑनलाइन संग्रह २००७ पासून आधी काम ठरवतो आणि मग त्याखाली भाषा मांडतो. मीही तोच क्रम धरला, आणि प्रत्येक नोंदीला लोक वापरतील ते सगळे शब्द चिकटवत गेले. हे काम यंत्रावर सोडता आलं नाही.

मग आला खरेपणाचा प्रश्न, आणि इथे मी सगळ्यात जास्त रमले. -७ ला ३ ने भागून बाकी काढा. पायथॉनचं उत्तर येतं २. सी, जावा आणि जावास्क्रिप्टचं -१. चिन्ह तेच, %. "मराठी" या शब्दाची लांबी विचारा. गो या भाषेतलं लांबी मोजणारं लेन १५ सांगतं, पायथॉन सांगतो ५ आणि स्विफ्ट ही भाषा ३. तिघंही बरोबर आहेत. पहिला बाइट (साठवणुकीची एककं) मोजतो, दुसरा युनिकोड या लिप्यांच्या सामायिक यादीतली चिन्हं (काना आणि वेलांटी वेगवेगळ्या धरून), आणि तिसरा आपण वाचताना मोजू तशी अक्षरं. त्यामुळे "शब्दाची लांबी" एवढंच शीर्षक देऊन चालत नाही. काय मोजतोय तेही लिहावं लागतं. प्रत्येक संग्रहात हमखास असतं ते शब्द उलटा करण्याचं उदाहरणही मी बरेच दिवस बाहेर ठेवलं होतं. पायथॉनच्या नेहमीच्या पद्धतीने "मराठी" उलटा केला, की सुरुवातीलाच एक वेलांटी अधांतरी लटकते.

जुनी उदाहरणं तर आणखी फसवी. ७/२ चं उत्तर पायथॉन २ मध्ये ३ यायचं, २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये ते ३.५ झालं. एररही येत नाही, उत्तर गुपचूप बदलतं. वाचणारा विश्वासाने ते उचलतो आणि चूक त्याच्या कामात जाऊन बसते. हे मला सहन होत नाही. म्हणून संग्रहातल्या प्रत्येक उदाहरणाशेजारी भाषेची आवृत्ती आणि अपेक्षित उत्तर नोंदवलेलं आहे, आणि रोज रात्री सगळी उदाहरणं चालवून उत्तरं ताडून पाहिली जातात. कल्पना माझी नव्हे. गोमध्ये उदाहरणाखाली कॉमेंटमध्ये उत्तर लिहिलं की टेस्ट चालवताना ते तपासलं जातं, रस्ट या भाषेत डॉक्युमेंटेशनमधला कोडही टेस्टबरोबर चालतो. एखादं उदाहरण नापास झालं की दुरुस्त होईपर्यंत ते शोधात दिसत नाही.

परवान्याबद्दल एवढंच, की कोड नेटवर दिसला म्हणून तो घेता येत नाही. ज्याचा परवाना स्पष्ट नाही, ते उदाहरण मी स्वतः नव्याने लिहिते.

अजूनही वेळ जातो तो रिकाम्या शोधांवर. कोणी शोधलं हे मी साठवत नाही, फक्त ज्यांना काहीच सापडलं नाही ते शब्द ठेवते आणि रोज वाचते. "शेवटचा कॉमा काढणे" हे त्यात पुन्हा पुन्हा यायचं. आधी वाटलं, तेवढंच एक उदाहरण घालावं. मग लक्षात आलं, की हे लोक लूपमध्ये प्रत्येक नावापुढे कॉमा जोडत होते आणि शेवटी एक उरत होता. त्यांना हवं होतं जॉइन, म्हणजे फक्त दोन नावांच्या मधेच कॉमा घालून यादी जोडणारी सोय, पण तो शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. आता "शेवटचा कॉमा" शोधलं की जॉइन समोर येतं, १४ भाषांमध्ये. कालच्या यादीत असे आणखी नऊ शोध आहेत.