ऑइल वाढले आणि लाल दिवा लागला

खंबाटकी घाट चढून आणेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो, तेव्हा मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा फडफडू लागला. रेस वाढवली की तो विझत असे आणि पाय काढला की पुन्हा लागत असे. सतरा वर्षांच्या डिझेल गाडीची दुखणी मला नवीन नाहीत. तरीही गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केले, कारण हा दिवा लागलेला असताना रेटलेले चार किलोमीटरही बेअरिंग खाऊन टाकू शकतात.

थोड्या वेळाने डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही अर्धे बोट वर होते. मला हायसे वाटले, आणि तिथेच मी चुकलो. हा दिवा चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल किती आहे ते सांगत नाही, ते दाबाखाली फिरते आहे की नाही एवढेच सांगतो. शिवाय मी मधल्या काळात थेंबभरही ऑइल घातलेले नसताना पातळी वाढली कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

गाडी टो करून साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी गाडीचे वय ऐकूनच ‘हाफ इंजिन करावे लागेल, साहेब’ असा निकाल दिला, म्हणजे इंजिन खोलून बेअरिंगसारखे झिजलेले भाग बदलायचे. मी आधी दाब मोजण्याचा आग्रह धरला. हा दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचची रचना साधी असते: दाब नसताना तो दिव्याची वायर इंजिनच्या बॉडीशी जोडतो आणि दाब साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचे एकक) वर गेला की जोड तोडतो. आम्ही दिवा लागलेला असताना स्विचची वायर काढली. दिवा विझला, म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला लागलेली नव्हती. नवा स्विच लावला तरी फडफड तशीच राहिली. तेव्हा स्विच काढून त्याच भोकात दाब मोजणारा गेज बसवला. थंड इंजिनवर काटा ३ बारवर होता, परंतु इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला (रेस न देता) तो ०.४ पर्यंत घसरला.

झिजलेल्या बेअरिंगनेही दाब असाच घसरतो, त्यामुळे एवढ्यावरून बेअरिंगला दोष देता आला असता. पण मिस्त्रींनी डिपस्टिक नाकाशी नेली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली: डिझेलचा वास! टिपकागदावर टाकलेल्या थेंबाभोवती काही वेळाने फिकट, तेलकट कडे पसरले. फ्युएल पंपाच्या शाफ्टचे सील गळून डिझेल टायमिंग केसमधून थेट चेंबरमध्ये उतरत होते. त्यामुळे ऑइल वाढत होते, आणि पातळही होत होते. (हाफ इंजिन करून हे सील तसेच राहिले असते, तर नव्या बेअरिंगचीही तीच गत झाली असती.)

सील बदलले, फिल्टर आणि १५डब्ल्यू४० ग्रेडचे ऑइल नवे घातले, आणि इंजिन तापवून पुन्हा गेज पाहिला: आयडलिंगला १.१, दोन हजार आरपीएमला ३. पातळ ऑइलवर झालेली झीज यातून भरून निघालेली नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, डिपस्टिक पाहतो, आणि आता पातळी उतरली आहे का यापेक्षा ती चढली आहे का, हे आधी बघतो. उगाच बदललेला जुना स्विच डिकीत पडून आहे.