दमा म्हणून आलेली घोडी

मी मिशिगनमध्ये घोड्यांची डॉक्टर आहे. इथल्या हिवाळ्यात बंद तबेले आणि धुळकट वाळलं गवत, त्यामुळे दमेकरी घोडे रोजचेच. ही चौदा वर्षांची, क्वार्टर हॉर्स जातीची घोडीही ‘दमा’ अशी चिठ्ठी घेऊनच आली. मला खटकल्या त्या तिच्या बरगड्या. दमेकरी घोडं खोकतं, धापा टाकतं, पण सहसा असं खंगत नाही. शिवाय अंगात ताप. निवांत उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो, हिचा चाळिशीपार.

छातीवर स्पिरिट ओतून सोनोग्राफी केली. निरोगी फुफ्फुसाची कड पडद्यावर लखलखीत रेघेसारखी सरकताना दिसते. इथे ती जागोजागी तुटलेली, आणि प्रत्येक तुटीखाली एक काळपट गोल. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं गाठींनी भरलेली.

कॅन्सर? बुरशी? की तिसरंच काही? २००७ साली मिशिगनच्याच पॅथॉलॉजिस्टांनी सहकाऱ्यांसह अशाच एका तिसऱ्या आजाराचं पहिलं वर्णन छापलं: फुफ्फुसात तंतू साठून गाठी होतात. त्यांच्या २४ आजारी घोड्यांपैकी १९ जणांच्या फुफ्फुसात घोड्यांचा हर्पीस विषाणू-५ सापडला होता. आजार नसलेल्या २३ पैकी फक्त दोघांत.

हिचं फुफ्फुस धुवून घेतलेल्या पाण्यातही तो निघाला. पण एवढ्यावर मी निदान करत नाही. धडधाकट घोड्यांच्या नाकातही हा विषाणू असतो. सुईने गाठीचा तुकडा काढायचा तर रक्तस्रावाची धास्ती. न काढावा आणि बुरशी असली, तर या आजारावर देतात ते स्टिरॉइड जिवावर बेतणार. काढला. वायुकोशांभोवती दाट तंतू, बुरशी नाही, कॅन्सर नाही.

“बाकीच्या घोड्यांना लागेल?” मालकीणबाईंनी विचारलं. विषाणू त्यांच्यातही बहुधा असेलच, म्हटलं. हिच्याच फुफ्फुसावर तो का उलटला, हे अजून कोणालाच धड सांगता येत नाही.

स्टिरॉइड सुरू केलं, जोडीला माणसांच्या नागिणीवर देतात ते व्हॅलासायक्लोव्हिर. सुरुवातीला एका वेळी एकेक ग्रॅमच्या डझनभर गोळ्या कुटून, काकवीत कालवून, पिचकारीने तोंडात. बिल बघून बाईंनी एक महिना पाहू म्हटलं.

ताप उतरला, घोडी दाण्याला तोंड लावू लागली, श्वास विशीत आला. गाठी मात्र आहेत तशाच. तंतूंनी घट्ट झालेला भाग पुन्हा मऊ होईल, असं मी बाईंना सांगितलेलं नाही. खोगीर बंद. स्टिरॉइडने खुरं धरू शकतात, म्हणजे आतून सुजून दुखतात, म्हणून रोज सकाळी खुरांना हात लावून गरम लागतात का ते बघायचं, आणि लागली तर लगेच फोन करायचा.