सलाईन नसलेली केमो

माझ्या अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सलाईनमधून दिलेल्या कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या सायकली (फेऱ्या) संपून सहा महिने व्हायच्या आतच सीए-१२५, म्हणजे आजाराचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, चढायला लागला, पोटात पाणी भरू लागलं. इतक्या लवकर उलटलेला हा कॅन्सर कार्बोप्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या औषधांना सहसा दाद देत नाही, म्हणून डॉक्टरांनी इटोपोसाइड या केमोच्या कॅप्सूल लिहून दिल्या. रोज ५० मिलिग्रॅमची एक, २१ दिवस, मग सात दिवस सुट्टी. आजार आता मुळापासून जाणार नाही, आटोक्यात ठेवायचाय, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"गोळ्यांवर आणलंय म्हणजे उतार पडलाय गं तुला," जाऊबाई म्हणाल्या. कसला उतार! आलेले केस परत गेले, तोंड आलं, साधी आमटी झोंबायला लागली.

डे-केअरमध्ये सलाईन लावण्याआधी सिस्टर रिपोर्ट बघायच्या, हातमोजे घालायच्या, वेळ सांभाळायच्या. कॅप्सूल आल्या आणि ती सगळी कामं आमच्या स्वयंपाकघरात आली. माझ्या पाकिटावर २ ते ८ अंशांत ठेवा असं छापलेलं. म्हणून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात झाकणाचा वेगळा डबा केला. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. सूनबाईला दिवस गेलेले, तेव्हा तिने डब्याला हातही लावायचा नाही असं मी बजावलं होतं; ती माझ्या अंगाचे कपडेही धूत नव्हती. औषध अंगातून बाहेरही पडतं, म्हणून संडासला दोनदा फ्लश, झाकण लावून. लेकाला हे जरा अतीच वाटायचं. मला नाही वाटलं.

रिकाम्या पोटी घ्यायची म्हणून पहाटेच घ्यायचे आणि तासभर चहाची वाट बघत बसायचे. खरं सांगते, मळमळीपेक्षा तो तास जड जायचा. उलटीची गोळी आधी घेतली की निभायचं. एखादी कॅप्सूल राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हे फार्मसीतल्या मुलीने मराठीत कागदावर लिहून दिलं होतं.

गावाकडचे एक काका काढ्याच्या बाटल्या घेऊन आले. "केमो सोड, झाडपाल्याचं घे." त्यांना सांगितलं, काका, हेही झाडाचंच आहे, हिमालयातल्या बनककडीच्या मुळांत जे द्रव्य सापडतं, त्यापासूनच इटोपोसाइड बनवतात. काढा मात्र घेतला नाही. कशात काय मिसळलंय आणि ते कॅप्सूलशी कसं वागेल, कोण सांगणार?

धाक होता तो काउंटचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या आकड्यांचा. प्रत्येक सायकलीआधी सीबीसी ही रक्ततपासणी. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली किंवा प्लेटलेट लाखाच्या खाली गेल्या तर थांबायचं, असं मला सांगून ठेवलेलं. मधली एक सायकल त्यापायी पुढे गेली. ताप १००.४ च्या वर गेला तर घरी क्रोसिन घेऊन बसायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. म्हणून थर्मामीटर उशाशी आणि रिक्षावाल्या भाऊंचा नंबर भिंतीवर.

तिसऱ्या सायकलीनंतर सीए-१२५ खाली आला. नॉर्मल समजतात त्या पस्तीसच्या आत नाही, पण पोटातलं पाणी काढायला जावं लागलेलं नाही. पुढच्या महिन्यात सीटी स्कॅन आहे. कॅप्सूल चालू ठेवायच्या की बदलायच्या, ते त्यावर ठरेल.