षड्ज सरकतो तेव्हा

शनिवार, रात्री उशिरा

आज पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘कम्फर्टेबली नम्ब’ हे गाणे दोनदा ऐकले : आधी १९७९ च्या ‘द वॉल’ या अल्बममधले, आणि मग २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह एट’ या मदतकार्यासाठीच्या मैफलीच्या मंचावर झालेले. हे गाणे मला इतके आतून का हलवते, याचा एक धागा आज हाती लागला आहे, तो निसटण्यापूर्वी लिहून ठेवते.

गाणे दोन आवाजांचे आहे. कडवी डॉक्टरची, ती बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स गातो. ध्रुवपद रुग्णाचे, म्हणजे इंजेक्शन टोचून मंचावर उभ्या केल्या जाणाऱ्या गायकाचे, ते बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर गातो. शब्द वॉटर्सचे असून त्यांच्यामागे त्याचा स्वतःचा अनुभव आहे; १९७७ मध्ये फिलाडेल्फियातील कार्यक्रमाआधी पोटात कळा येत असताना त्यालाही असेच इंजेक्शन देण्यात आले होते.

पाश्चात्त्य संगीताच्या भाषेत कडवी बी मायनर या स्वरसप्तकात आहेत आणि ध्रुवपद डी मेजरमध्ये. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर ध्रुवपदातला कोमल निषादाचा स्पर्श वगळता स्वर तेच राहतात, फक्त षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, सरकतो. बिलावल थाटाच्या (सगळे शुद्ध स्वर) धैवताला षड्ज मानले की आसावरी थाटाचे स्वर मिळतात, हे मी लहानपणी हार्मोनियमवर कितीदा तरी करून पाहिले होते. पण त्या साध्या गणितात एवढे दुःख मावू शकते, हे मला या गाण्याने शिकवले. डॉक्टर आणि रुग्ण जवळजवळ त्याच स्वरांत बोलतात, मात्र दोघांचे षड्ज वेगळे असल्यामुळे एकाचे दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

गिटारचा पहिला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे वादन, ध्रुवपदाच्या, म्हणजे रुग्णाच्याच भूमीवर होतो. दुसरा सोलो मात्र कडव्याच्या कॉर्ड्सवर, म्हणजे त्याच्या स्वरसमूहांवर, आहे. ज्याच्या तोंडी रुग्णाचे शब्द आहेत तोच गिलमोर आता डॉक्टरच्या षड्जावर उभा राहून, शब्दांविना, आक्रोश करतो. अल्बमसाठी त्याने हा सोलो अनेक वेळा वाजवून त्यांतले उत्तम तुकडे जोडले होते आणि तिथे तो हळूहळू विरत जातो. मंचावर ती सोय नसते, तो एका दमात वाजवून शेवटास न्यावा लागतो, म्हणून मला मंचावरचाच अधिक खरा वाटतो. ‘द वॉल’च्या १९८० च्या कार्यक्रमांत तर मंचावर पुठ्ठ्याच्या विटांची सुमारे ४० फुटी भिंत उभी असे आणि गिलमोर तिच्या माथ्यावरून, पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात, हा सोलो वाजवी.

हाइड पार्कमध्ये भिंत नव्हती. पण वॉटर्स आणि गिलमोर, बँडचे ड्रमवादक निक मेसन आणि कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्यासह, २४ वर्षांनी प्रथमच एका मंचावर आले होते, आणि मधल्या काळातल्या कटुतेमुळे ती दोन पात्रे आणि ती दोन माणसे वेगळी काढणे मला अशक्य होते. अखेरीस वॉटर्स इतरांना जवळ बोलावतो आणि चौघे खांद्यांवर हात टाकून उभे राहतात, तिथे आजही माझे डोळे भरून आले.

राइट २००८ मध्ये गेला. त्या रात्रीनंतर हे चौघे पुन्हा एकत्र वाजवू शकले नाहीत. आज तिसऱ्यांदा गाणे लावले ते गिटारसाठी नव्हे, तर तिच्याखाली तानपुऱ्यासारखे पसरलेले त्याचे कीबोर्डचे सूर ऐकण्यासाठी.