इनाकची लेक परत आणताना

२०२३ साली मी इंडोनेशियाच्या लोंबोक बेटावर, मध्य लोंबोकमधल्या एका सासाक कुटुंबाकडे राहत होते. सासाक हे तिथले स्थानिक लोक. एका रात्री घरातली १७ वर्षांची लेक परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी वाडीच्या प्रमुखाकरवी निरोप आला, ‘मुलीला मरारिकसाठी नेलंय.’

आपल्याकडे पोर पळाली की घराची मान खाली जाते. तिथे मुलाने मुलीला रात्री गुपचूप नेणं हीच लग्नाची रीत, तिलाच मरारिक म्हणतात. सरळ मागणी घातली तर कित्येक घरांना अपमान वाटतो. रुक्मिणीहरण ऐकत वाढलेल्या मला हे समजत होतं. पण रुक्मिणीने स्वतः पत्र धाडलं होतं. या पोरीच्या मनात काय होतं, ते कुणीच विचारलं नव्हतं.

मुलाकडचे निकाहाची घाई करत होते. निकाहाला वली, म्हणजे मुलीचा पालक, म्हणून बाप लागतो आणि तो मलेशियात पामच्या मळ्यावर. ते फोनवरून त्याची संमती मिळवतील, या धास्तीने आम्हीच आधी फोन लावला. इनाक, म्हणजे तिची आई, एवढंच म्हणाली, “हो म्हणू नका.”

मग पोलीस. “घरातल्या घरात मिटवा,” असं टेबलावरूनच सांगितलं गेलं. मी कायदा वाचून गेले होते. २०१९ पासून लग्नाचं वय दोघांनाही १९. तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ३३२ प्रमाणे अल्पवयीन मुलगी राजीखुशीने गेली, तरी पालकांच्या मर्जीविरुद्ध नेणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद. २०२२ च्या कायद्याने तर बालविवाह लावून देणाऱ्यालाही ९ वर्षांपर्यंत. मात्र ३३२ ला फिर्याद लागायची.

इनाकने फिर्याद लिहून घेतली, पण दिली नाही. “त्याला तुरुंगात घालून मला काय? माझी पोर द्या.”

ती वाडीच्या बैठकीत गेली आणि ‘बेलास’ मागितला, म्हणजे दोघांना वेगळं करणं. सगळ्यात अवघड तेच गेलं. नेलेली मुलगी परत आणली तर तिला कोण करणार, हे जाणती माणसं पुन्हापुन्हा विचारत राहिली. इनाक जागची हलली नाही. बापानेही फोनवर वली व्हायला नकार दिला, तेव्हा बैठकीचा सूर बदलला. १९ पूर्ण होईपर्यंत लग्न नाही, असा कागद झाला.

तिसऱ्या रात्री पोर घरी आली. म्हणाली, “पहिल्याच रात्री यायचं होतं. पण एकदा नेल्यावर परत जाता येत नाही, असं सगळे म्हणाले.”

फिर्यादीचा कागद इनाकने कपाटात जपून ठेवला. फिर्यादीची मुदत तिला ६ महिने, परदेशातल्या बापाला ९. सोमवारी लेकीला स्कूटरवर बसवून ती स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आली.