वृद्ध रुग्णांचे हात मोकळे ठेवताना

लातूरमधील एका रुग्णालयाच्या अस्थिरोग वॉर्डात मी इन्चार्ज सिस्टर म्हणून काम करते. औसा, रेणापूर, निलंगा या भागांतून खुब्याचे हाड मोडलेले सत्तरीपुढचे रुग्ण आमच्याकडे सतत येतात आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही रात्रींत त्यांच्यापैकी अनेकांना भ्रम (डिलिरियम) होतो, म्हणजे ते एकाएकी गोंधळतात आणि आपण कुठे आहोत याचे भान त्यांना राहत नाही. रुग्ण सलाईन ओढू लागला किंवा खाटेवरून उतरू पाहू लागला, की रोलर बँडेजने त्याची मनगटे कठड्याला बांधायची, अशी रीत वर्षानुवर्षे चालत आली होती. त्यासाठी लेखी आदेश नसे, बांधल्याची वेळ केस पेपरवर येत नसे, आणि सोडायचे केव्हा हे तर कोणाच्याच कामात धरलेले नव्हते.

ही रीत बदलावी म्हणून डॉक्टरांशी बोलायचे, तर केवळ कळवळा पुरणार नव्हता. शॅरन इनूये या अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञांनी एका सहकाऱ्यासह १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी बैठकीत मांडला. रुग्णालयात भ्रम ओढवणाऱ्या पाच गोष्टी त्यात दिलेल्या आहेत: बांधून ठेवणे, कुपोषण, तीनपेक्षा अधिक औषधांची भर, लघवीची नळी आणि उपचारांतूनच उद्भवलेली इजा. म्हणजे भ्रमावर आम्ही जो उपाय करत होतो, तोच भ्रम वाढवणारा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९७ ही मी वाचून दाखवले. तो कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी असला, तरी कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरून कोणाला बांधता येणार नाही, हे त्यातले वाक्य आमच्या वॉर्डालाही लागू पडावे असे मला मनापासून वाटते.

चर्चा बरीच लांबली. नळी उपसली किंवा रुग्ण पडला तर नातेवाइकांना उत्तर कोण देणार, ही डॉक्टरांची भीती खरी होती. अखेर असे ठरले, की बांधणे अगदीच अटळ असेल तर डॉक्टरांनी कारण व मुदत लिहून आदेश द्यावा, दर दोन तासांनी हात सोडून त्वचा आणि बोटांचा रंग पाहावा, पाणी द्यावे, लघवीला न्यावे, आणि मुदत संपताच आदेशही संपला असे धरावे. हे सारे लिहावे लागू लागले, तेव्हाच बांधण्याचे प्रमाण बरेच उतरले.

खरे काम मात्र त्यापुढचे होते. अस्वस्थ रुग्ण दिसला, की आधी त्याच्या पोटावर हात ठेवून लघवी तुंबली आहे का ते पाहायचे, शौचाला कधी झाले ते विचारायचे, दुखण्याचे औषध वेळेवर गेले का ते तपासायचे आणि रक्तातील सोडियमचा अहवाल डॉक्टरांसमोर ठेवायचा, हा क्रम आम्ही पाळू लागलो. तंबाखू किंवा दारू एकाएकी बंद झाली आहे का, हेही घरच्यांना बाजूला घेऊन विचारावे लागते, कारण सुनेसमोर सासरे ते सांगत नाहीत. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढणे हा सगळ्यांत मोठा लाभ ठरला. ओढायला नळीच नसेल तर हात बांधण्याचे कारणही उरत नाही. सलाईनची सुई लांब बाहीखाली झाकली, चष्मा आणि कवळी परत दिली, रात्रीची टाळता येण्याजोगी तपासणी सकाळवर ढकलली.

निलंग्याकडच्या एका आजोबांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते रोज पहाटे चारच्या सुमारास उठू पाहत आणि धरायला गेलेल्या वॉर्डबॉय मामांना ढकलून देत. त्यांच्या थोरल्या सुनेने सांगितले, की ही त्यांची जनावरांना कडबा टाकण्याची वेळ आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वॉर्डातील आया मावशींनी त्यांना आधार देऊन खाटेवर बसवले, चहा दिला, आणि मुलाने गोठ्याचे सगळे आवरले असल्याचे फोनवर सांगितले. त्यांना झोपेचे इंजेक्शन लागले नाही.

अशी माहिती घरच्यांकडूनच मिळते, म्हणून भ्रम झालेल्या रुग्णाजवळ रात्रीही एका नातेवाइकाला बसू देण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. ज्यांच्याजवळ बसायला कोणीच नसते, त्यांची खाट सिस्टरच्या टेबलासमोर घेतो. तरीही एक रुग्ण पडला. सुदैवाने हाड मोडले नाही, पण पुन्हा बांधायला सुरुवात करा, असा आग्रह लगेच झाला. बांधलेला रुग्णही कठड्यावरून पडतो, शिवाय पट्टीत अडकून अधिक जखमी होऊ शकतो, हे मी तेव्हा शांतपणे पण ठामपणे सांगितले आणि त्या रुग्णाची खाट भिंतीलगत नेली.

अतिदक्षता विभागात श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णांचे हात आजही बांधले जातात, आणि तिथे आमचा नियम अजून पोहोचलेला नाही. तेथील सिस्टर आमचा नोंदतक्ता घेऊन गेल्या आहेत. उंची कमी करता येणाऱ्या खाटांची मागणी मी लेखी दिली आहे. रात्रपाळीला आणखी एक सिस्टर मिळावी, हेही त्याच अर्जात लिहिले आहे.